सासूबाई, शनी आणि बंद लिफ्ट

त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. तो राहायचा त्या सात मजली इमारतीची लिफ्टही तोच सांभाळायचा, त्यामुळे गच्चीची किल्ली कायम त्याच्या खिशात असायची. मशीनरूमच्या भिंतीला लागून त्यानं आपली दुर्बीण उभी केली होती. घरातच राहणाऱ्या सासूबाई तिला 'तोफ' म्हणत आणि त्याला 'जावईबापू'. दोन्ही शब्द एकाच सुरात.

त्या वर्षी शनी सूर्याच्या बरोबर समोर येणार होता. मध्ये आपली पृथ्वी. गावातल्या आकाशप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनी पत्रकच काढलं: शनी सर्वांत जवळ, सर्वांत तेजस्वी, मध्यरात्री डोक्यावर. पाहायचा तर आत्ताच, नंतर पाहणं म्हणजे शिळं खाणं.

जावई हौसेनं सासूबाईंना वर घेऊन गेला. त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

"काय दिसतंय, आई?"

"उकडलेलं अंडं."

"आणि त्याच्याभोवतीची कडी?"

"असती तर सांगितली नसती का? अंडंही धड उकडलेलं नाही."

त्यानं स्वतः पाहिलं. कडी लख्ख होती. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोष यंत्राचा नाही, आई. तुमचा मोतीबिंदू पिकलाय."

सासूबाई खाली आल्या आणि लेकीला झोपेतून उठवून म्हणाल्या, "तुझा नवरा मला आंधळी म्हणाला." पुढचे चार दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर ते दिवस त्याला फारसे जड गेले नाहीत.

लेक मात्र आईच्या मागे लागली. "काल तू शेजाऱ्यांच्या कुत्र्याला 'या, बसा' म्हणालीस."

"बसला ना तो?"

शेवटी त्या ऑपरेशनला तयार झाल्या, पण डोळ्यासाठी नव्हे. कडी नाहीत हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

ऑपरेशन, औषधाचे थेंब, वाकायची बंदी, यांत दोन महिने गेले. "वेळ टळली," अध्यक्ष म्हणाले. जावयानं तक्ता काढून पाहिला. शनी जरा लांब गेला होता, पण दुर्बिणीत फरक एकोणीस-वीसचा. उलट आता तो संध्याकाळी आठलाच वर येऊन बसत होता, आणि आठ वाजता सासूबाई पूर्ण जाग्या आणि भांडणाच्या तयारीत असत.

पंचाईत वेगळीच निघाली. आठ ही माणसं कामावरून परतायची वेळ. लिफ्ट सारखी वरखाली, मोटर घरघरली की गच्ची थरथरायची आणि दुर्बिणीत शनी नाचायचा.

"याला उभं राहायला सांगा," सासूबाई म्हणाल्या.

लिफ्टमध्ये कुणी नाही याची खात्री करून त्यानं मेन स्विच पाडला. खालून आरडाओरडा सुरू झाला. सासूबाईंनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ त्यांनी तो काढलाच नाही.

"चित्र चिकटवलंय तुम्ही काचेवर."

"चिकटवलं असतं तर सरकलं असतं का? बघा."

"हो, पळतंय खरं."

"ते नाही पळत. आपली पृथ्वी फिरतेय."

"कडी आहेत," त्या म्हणाल्या, पोलीस चौकीत जबाब दिल्यासारख्या.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सात मजले चढून धापा टाकत गच्चीत आले. "लिफ्ट का बंद आहे?"

"दुरुस्ती चालू आहे," सासूबाई डोळा न काढता म्हणाल्या.

"कसली?"

"माझी."

सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीला टेकून श्वास जमवला आणि लेखी तक्रार करीन म्हणाले. दोन दिवसांनी केलीही. जावयाला गच्चीवरून दुर्बीण हलवावी लागली. ती आता इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, सायकलींच्या शेडपलीकडे असते. तिथे जमीन थरथरत नाही आणि सासूबाईंना खुर्ची टाकून बसता येतं. खुर्ची त्या सोडत नाहीत. लेकीला नंबर लागायला अर्धा तास लागतो.

एका संध्याकाळी खुद्द अध्यक्ष बघायला आले. "शनी पाहायचा तर आठ वाजता," सासूबाईंनी त्यांना समजावलं. "मध्यरात्रीचं काही खरं नसतं. मी यांना तेव्हाच सांगितलं होतं."

अध्यक्षांनी जावयाकडे पाहिलं.

"हो," जावई म्हणाला, "सांगितलं होतं."