धनलक्ष्मीला कळू नये म्हणून

रबराची ती टोपी गेली कुठं — इयरफोनच्या डाव्या बोंडावरची, हरभऱ्याच्या सालाएवढी, करडी. काल होती, आज नाही, आणि अकराला कॉल. श्रीविद्या पलंगाखाली वाकून शोधत होती आणि वाकल्या वाकल्या तिला वाटलं, इथंच बसून राहावं, चपलांशेजारी, अकरा वाजून जाईपर्यंत... पण वर पलंग करकरला आणि हाक आली, "विद्या." उरलेला तोच एक शब्द. तिनं डोकं बाहेर काढलं. "इथंच आहें. कुठं जातें मी?" सूर्यनारायणरावांचे डोळे तिच्यावर टेकले आणि निवले.

बँकेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तिच्यासोबत तमिळ गेली, इंग्रजी गेली. ज्या तमिळमध्ये या माणसानं काउंटरवर बसून अर्ध्या तंजावूरशी हुज्जत घातली, ती अशी पुसली गेली की कामाला येणारी धनलक्ष्मी चमचा पुढे करून "वाय तोरंगा" म्हणते तेव्हा ते भलत्याच गावच्या स्टँडवर उतरल्यासारखे तिच्याकडे बघत बसतात. मग श्रीविद्यानं यायचं आणि म्हणायचं, तोंड उघडा. घरातली मराठी तेवढी राहिली, तीही ऐकण्यापुरती. काहींचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. मराठी बोलणारी घरं गावात आहेत अजून, सणावारी येतातही, खुर्चीच्या कडेवर बसून कापी पितात आणि जातात. लेक हरिता चेन्नईला, पोरीला अवघं कळतं, बोलायला लावलं की तमिळमध्ये घसरते. म्हणजे नवऱ्याला उरलेली भाषा म्हणजे मी. मी न्हाणीघरात गेलें की भाषा न्हाणीघरात जाते, आणि बाहेर तो आवाज सुरू होतो, विद्या, विद्या... काल मी नळ सोडला. बादली भरून वाहिली तरी सोडलेलाच ठेवला...

कॉल हरितानंच ठरवला. "पंधरा मिनिटं, अम्मा. मन मोकळं करायला समुपदेशक बाई असते, पहिला कॉल फुकट. आवडली नाही तर सोड. कुठल्या भाषेत पाहिजे?" धनलक्ष्मी समोर कोथिंबीर निवडत होती. श्रीविद्यानं क्षणाचाही विचार केला नाही. "मराठी घाल."

ही सवय तिची एकटीची थोडीच होती. साडीच्या दुकानात भाव पाडायचा तर आपसांत मराठी, डॉक्टरसमोर डॉक्टरची टर उडवायची तर मराठी; आजीपासून सगळ्यांनी भाषा पडद्यासारखी वापरली, ओढला की आत आपण, बाहेर गाव. लग्नानंतर पापनाशमच्या बसमध्ये ती पुढच्या बाकावरच्या बाईविषयी काहीबाही रचून सांगायची — हिचा नवरा सर्कशीत होता, वाघाला घाबरून पळाला — आणि हे खिडकीबाहेर बघत ऐकायचे, चेहरा बँकेचा. ती थांबली की फक्त मांडीवरचा हात उताणा व्हायचा. पुढे? तोंडानं कधी विचारलं नाही. तळहात.

फोन वाजला. रेंज फक्त पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीत. ती खुर्चीवर बसली, टोपी नसलेलं बोंड कानात टोचत होतं.

"नमस्कार, मी सौम्या. पुण्याहून बोलतेय. मी तुम्हाला काय म्हणू?"

काय म्हणू... कुणी कधी विचारलं होतं? "श्रीविद्या म्हणा. माझी मराठी तुमच्यासारखी नाहीं. जुनी आहे. तुम्ही हंसाल."

"नाही हसणार. मला ऐकायला आवडतेय."

मग ती सावकाश सांगत गेली, पाठ केलेलं, पण गोड: आज उपचार वगैरे काही नाही, आज नुसती ओळख, तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगायचं, मी कशी काम करते ते मी, आणि आपलं जमेल का हे दोघींनी बघायचं. म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम, श्रीविद्याच्या मनात आलं. ताटलीत केसरी आणि बज्जी तेवढी नाही. आणि नापसंत झालें तर? वेडातसुद्धा नापसंत...

"बोललेलं आपल्यातच राहील," सौम्या म्हणाली. "फक्त जिवाला धोका वाटला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल. आत्ता तुमचं बोलणं ऐकणारं जवळ कुणी आहे?"

"एक बाई आहे, स्वयंपाकघरांत. पण तिला मराठी कळत नाहीं," श्रीविद्या म्हणाली, जरा ऐटीतच — आणि मान वळली.

ते ऐकत होते.

उशीवरून डोकं तिच्याकडे वळवून, डोळे स्वच्छ, ओठ किंचित उघडे. कित्येक महिन्यांत इतकी मराठी या खोलीत कुणी बोललं नव्हतं. ती त्यांच्याशी बोलायची ते तोंड उघडा, कूस वळा, गिळा. आज अख्खी वाक्यं येत होती, एकामागून एक, आणि तो माणूस उन्हात खुर्ची टाकल्यासारखा त्यांत बसला होता. घरात ज्याला कळू नये त्या एकाच माणसाची भाषा तिनं मागून घेतली होती. धनलक्ष्मीला कळू नये म्हणून.

"श्रीविद्या? आहात ना?"

"आहें."

"तमिळ सोपी जाईल का? माझ्या एक सहकारी आहेत. किंवा इंग्रजी."

तमिळमध्ये स्वयंपाकघरातली सुरी थांबेल, आणि संध्याकाळी शेजारच्या राजमकडे पोचेल. इंग्रजीत मला फक्त अर्ज करता येतो... आय रिक्वेस्ट यू टु काइंडली... तिला हसू आलं आणि मधेच ते भलतंच झालं. तिनं पदर तोंडावर दाबला. गच्चीवर जावं तर हाका. पदराआडून तिला दिसत होतं, ते अजून वाट बघताहेत.

"आज काही सांगायलाच हवं असं नाही," सौम्या म्हणाली. "एवढंच विचारते. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?"

"माझं नाहीं." आणि मग, थांबता येईना म्हणून, "पहांटे मी उठतें. दिवा लावीत नाहीं. यांची छाती हलते कां बघतें. रोज."

पलंगावरचा चेहरा सैल झाला. त्यांनी ते माया म्हणून घेतलं. घेणारच. कुणीही घेईल; धर्माची बायको, पहाटे उठून श्वास बघते... इथंच थांबावं. हे वाक्य इथंच ठेवलं तर देवघरातसुद्धा शोभेल.

"आणि हलताना दिसली की काय वाटतं?" सौम्यानं विचारलं.

प्रश्न फक्त कानात आला. खोलीत तो झालाच नाही. उत्तर मात्र खोलीत होणार होतं.

बाहेर टाउन बस हॉर्न देत गेली. ती जाईपर्यंत श्रीविद्या थांबली. त्या हॉर्नमध्ये बोलली असती तर कदाचित... पण थांबली.

"वाईट वाटतं," ती म्हणाली. "हलली कीं मज वाईट वाटतं. अजून एक दिवस, असं वाटतं."

स्वयंपाकघरात सुरी चालूच होती, ठक ठक, जगात काही झालं नसल्यासारखी. कानात सौम्याचा श्वास. श्रीविद्या गजांकडे बघत राहिली, गजांवरच्या गंजाकडे. मग तेही संपलं आणि तिला त्यांच्याकडे बघावं लागलं.

ते हसत होते — की तोंड वाकडं झाल्यापासून ते तसंच दिसतं, तिला सांगता येईना. त्या चेहऱ्यावरचं अवघं वाचता यायचं तिला, आणि आता येईना. डोळ्यांत पाणी होतं. पण ते तर सदा असतं, डॉक्टरांनी थेंब दिलेत. कळलं असेल? कळलं नसेल तर बरं... की कळलं असेल तर?

चादरीवर त्यांचा डावा हात हलला. सावकाश, अंगठ्याच्या बाजूनं सुटून, उताणा झाला.

"मी ऐकतेय," कानातली बाई म्हणाली.

तिला वाटलं होतं ते वाक्य म्हणजे शेवट, ते एकदा तोंडातून गेलं की भिंत. इतके महिने ती त्या भिंतीपर्यंतच जाऊन परत येत होती. आणि इथं दोन माणसं बसली होती, एक दिसत नव्हतं, एक बोलत नव्हतं, आणि दोघं विचारत होती, पुढे? पुढे काय, ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिनं टोचणारं बोंड कानात नीट बसवलं, खुर्ची थोडी पलंगाकडे वळवली, एवढीच की रेंज जाऊ नये...