शेवटच्या कडव्यातलं नाव

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपडे ठेवायची नव्हे, गाण्याची. शहाणी माणसं मला हार्मोनियम म्हणतात. आमच्या वस्तीत पेटी म्हटलं की पुरे. आता माझ्या भात्याला चीर गेली आहे आणि मधली एक पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. तरी एक गाणं माझ्या अंगात मुरलेलं आहे. त्याच्यासाठीच आज बोलते आहे.

मला बन्सी नावाच्या कारागिरानं सागवानात घडवलं. काम झाल्यावर त्यानं आतल्या फळीवर पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं. पुढे माझे मालक बदलले, पण ते नाव कुणी खोडलं नाही. शेवटी केडगाव स्टेशनाजवळच्या दुकानातून ललिताबाईंनी मला विकत घेतलं आणि खुटबावला आणलं.

ललिताबाई दिवसभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायच्या आणि संध्याकाळी विहारात गायच्या. अक्षरओळख नव्हती. गाणी डोक्यात रचायच्या, नात गौतमी ती उतरवून घ्यायची. आमच्याकडे जुनी रीत आहे, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं. पोरींच्या शिक्षणावरचं त्यांचं गाणं असं संपायचं:

खुटबावची ललिता सांगे, पोरींनो शिका,
माझ्यावानी अंगठ्याला शाई लावू नका.

हे कडवं आलं की समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मग सम्राट आला. बाईंच्या लांबच्या बहिणीचा मुलगा. कारेगावात राहायचा, कंपनीत कामाला, गळा गोड. जयंतीला हे गाणं गातो म्हणाला, म्हणून बाईंनी कौतुकानं शिकवलं. पुढे त्यानं ते बँजोच्या तालावर रेकॉर्ड केलं आणि कुणाला न विचारता मोबाइलवर सोडलं. गाणं गावोगाव वाजू लागलं. शेवटच्या कडव्यातून मात्र ‘खुटबावची ललिता’ गेली आणि ‘कारेगावचा सम्राट’ आला. अंगठ्याची ओळ तशीच राहिली. आयटीआय शिकलेला, झोकात सही करणारा सम्राट ‘माझ्यावानी अंगठ्याला शाई लावू नका’ म्हणत होता! नक्कल करायलाही अक्कल लागते, मित्रांनो.

बाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो हसत म्हणाला, “मावशी, गाणं समाजाचं हाय. त्यात तुमचं-माझं कशाला?”

“मंग तुझं नाव कशाला घातलंस रं?” बाईंनी विचारलं. सम्राट मोबाइलमध्ये बघत बसला.

गौतमी दौंडला एका वकीलबाईंकडे जाऊन आली. घरी येऊन तिनं आजीला सगळं समजावलं. गाणं कागदावर उतरलं किंवा रेकॉर्ड झालं की रचणाऱ्याचा हक्क आपोआप तयार होतो. सरकारी नोंद केली तर पुराव्याला उपयोगी, पण नोंद नाही म्हणून हक्क बुडत नाही. हयातभर आणि मरणानंतर साठ वर्षं तो टिकतो. वस्तीत कुणी हौसेनं, फुकट गायलं तर कायदा सहसा आडवा येत नाही. रेकॉर्ड करून पसरवायचं तर परवानगी हवी, आणि ती लेखी असलेली बरी. हक्क विकला तरी ‘हे मी रचलं’ असं सांगायचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. बन्सीचं नाव आठवून मला हे लगेच पटलं.

“नोटीस पाठवू का, आजी?”

“नगं. आपल्याच पोराला कोर्टात कसं वढायचं? त्येला म्हणावं, पैसा-बिसा काय नगं. फकस्त माझं नाव माघारी दे.”

सम्राट “बदलतो, बदलतो” म्हणत राहिला. बाई रोज गौतमीला ते गाणं लावायला सांगायच्या, शेवटच्या कडव्यापर्यंत कान देऊन ऐकायच्या आणि मग उठून जायच्या. या थंडीत त्या गेल्या. नाव काही आलं नाही.

जलदान विधीच्या दिवशी मांडवात कुणीतरी श्रद्धांजली म्हणून तेच गाणं स्पीकरवर लावलं. बाईंच्या फोटोसमोर ‘कारेगावचा सम्राट सांगे’ ऐकताना मला रडू आलं. गौतमीनं उठून स्पीकर बंद केला, मला पुढ्यात ओढलं आणि अडकणारी पट्टी चुकवत सगळं गाणं आजीच्या नावासकट म्हटलं. सम्राट मान खाली घालून बसला होता.

गाणं संपल्यावर परगावाहून आलेली एक म्हातारी गौतमीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ग्वाड गायलीस, बाय. पर दुसऱ्याच्या गाण्यात आपल्या आजीचं नाव घालू न्हाई. मूळ गाणं त्या सम्राटचं हाय.”

 सम्राटनं ते ऐकलं, पण ‘गाणं मावशीचं आहे’ एवढंही त्यानं सांगितलं नाही.

मित्रांनो, गाणं, गोष्ट, चित्र, काहीही पुढे पाठवण्याआधी थोडं थांबा. हे कुणी केलं, त्याला विचारलं का, एवढं तरी बघा. मी आता माळ्यावर पडून असते. माझ्या आतल्या फळीवर बन्सीचं नाव अजून शाबूत आहे. ललिताबाईंचं नाव लिहायला मात्र कुठं फळी नव्हती, एक कडवं होतं. ते आता तुम्हाला ठाऊक झालं आहे. कुठं ते गाणं लागलं, तर शेवटी तेवढं नाव म्हणा.