मुख्य अर्जदार

खांदा कॉलनीच्या सिग्नलजवळ फ्लेक्स लागला तेव्हा व्हिसाचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता. फ्लेक्सवर रूपेश म्हात्रे काळा गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा होता. मागे बर्फाचा डोंगर, डोंगराला खेटून आयफेल टॉवर आणि वर ठळक अक्षरांत: 'युवा उद्योजक रूपेशदादा म्हात्रे यांना आयर्लंड येथे स्थायिक होण्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!' टॉवर दुसऱ्याच देशातला होता, पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये परदेश म्हणून तेवढाच होता. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. मित्रमंडळ, क्रिकेटची टीम, दोन मामा आणि सगळ्यात शेवटच्या गोलात रूपेशची बायको कादंबरी.

नोकरी कादंबरीला लागली होती.

कादंबरी नर्स. पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू सांभाळायची. ड्युटीवरून आली की भाकऱ्या थापायची आणि मग दार लावून इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. घरच्यांना वाटायचं, फोनवर सिरियल बघते. एक दिवस डब्लिनच्या हॉस्पिटलने तिची ऑनलाइन मुलाखत घेतली, निवड कळवली आणि काही आठवड्यांनी तिच्या नावाचं काम करण्याचं परमिट आलं. घरात पेढे वाटले गेले. पेढे घेताना प्रत्येकाने रूपेशच्या पाठीवर थाप मारली.

रूपेश काय करायचा हे एका शब्दात सांगणं अवघड आहे. साइटवर रेती-खडी पुरवायचा, म्हणजे पुरवणाऱ्यांना फोन करायचा. त्याचे वडील अनंता म्हात्रे यांची शेतजमीन शहर वाढताना गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली. बिल्डिंगीचं नाव 'अनंत हाइट्स'. वरचा मजला म्हात्र्यांचा, खालचे सगळे भाडोत्री. प्रत्येक भाडोत्र्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स अनंताशेठच्या लोखंडी कपाटात असायची आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

कादंबरीने जेवताना सगळं नीट समजावून सांगितलं. "परमिट माझ्या नावाने आहे. मी मुख्य अर्जदार. रूपेश माझा डिपेंडंट म्हणून येईल. तिथे आला की त्याला नोकरी करायचाही हक्क मिळतो, वेगळं परमिट काढावं लागत नाही."

"डिपेंडंट म्हंजे काय?" अनंताशेठनी विचारलं.

रूपेश ताटाकडे बघत राहिला. शेवटी कादंबरीच म्हणाली, "म्हणजे... आश्रित."

अनंताशेठचा घास हातातच राहिला. "आश्रित? आपल्या बिल्डिंगीत जे रातात ते आश्रित. आमचा पोरगा बायकोच्या नावावर जानार? आनि फ्लेक्स लावलाय त्याचा काय?"

"बाबा, तो फक्त फॉर्ममधला शब्द आहे."

"सातबाऱ्यावर पन शब्दच अस्तान. त्याच्यासाठी डोकी फुटतान."

सासूने, ठकीबायने, मधेच विचारलं, "पन थंडी किती असते गो तिकडं?" तिच्या प्रश्नाकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या घरात तशी पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे एसटी स्टँडजवळच्या 'सातासमुद्रापार सल्ला केंद्रा'त गेले. फरसाणाच्या दुकानावर हे केंद्र होतं, त्यामुळे तिथल्या फायलींना शेवेचा वास यायचा. केंद्राचा मालक जीवन. टेबलावर दिवा लागणारा पृथ्वीचा गोल, भिंतीवर विमानाचं पोस्टर. स्वतः जीवन परदेशात कधी गेला नव्हता. त्याचा व्हिसा पुन्हा पुन्हा नाकारला गेला होता आणि त्या अनुभवाच्या जोरावरच त्याने सल्ला द्यायला सुरुवात केली होती.

जीवनने कादंबरीचं पत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "काका, काळजीच नको. घरातला कर्ता पुरुष दादा आहेत ना? मग दादांनी आधी बिझनेस व्हिसावर शिरायचं. एकदा आत शिरलं की आतल्या आत बदलून घेता येतो. वहिनी मागून येतील, दादांच्या फायलीवर."

"बिझनेस व्हिसा तिथे गेल्यावर असा बदलून मिळत नाही," कादंबरी म्हणाली. "त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. आणि मी कुणाच्या फायलीवर कशाला? माझी फाइल आहे."

जीवन प्रेमळ हसला. "वहिनी, वेबसाइट सगळ्यांसाठी असते. आपलं सेटिंग वेगळं." मग अनंताशेठकडे वळून तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि एक लक्षात ठेवा. बाईमाणसाचा व्हिसा नवऱ्याच्या संमतीवर असतो. नवऱ्याने नुसता एक मेल टाकला की परत पाठवतात."

"माझं परमिट नोकरीवर आहे, लग्नावर नाही," कादंबरी म्हणाली. "लग्नावर कुणाचं असलंच तर ते रूपेशचं असेल."

खाली कढईत कुणीतरी बुंदी पाडत होतं, तो आवाज स्पष्ट ऐकू आला. रूपेशने आयुष्यात पहिल्यांदाच पृथ्वीचा गोल इतका निरखून पाहिला.

घरी परतल्यावर कादंबरी आंघोळीला गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या पर्समध्ये पासपोर्ट नव्हता. तो भाडोत्र्यांच्या झेरॉक्सांबरोबर लोखंडी कपाटात जाऊन पडला होता.

"सांभालून ठेवलाय," अनंताशेठ म्हणाले. "सुनेचा पासपोर्ट घरच्या माणसांकडंच बरा."

ती भांडली नाही. खोलीत जाऊन बसली. आयसीयूत माणसाचा श्वास अडकला की तिचे हात आपोआप चालायचे, इथे मात्र ते मांडीवर नुसते पडून होते. रूपेश आत आला आणि मोबाइल चार्जिंगला लावत म्हणाला, "बाबांचा स्वभाव तुला माहितीय. दोन दिवसांनी देतील."

"तू माग ना."

"मी कसा मागू? त्यांना राग येईल."

लग्नाला चार वर्षं झाली होती. या माणसाला राग कुणाचाच सहन होत नाही, हे तिला माहीत होतं. फक्त तिचा राग त्या यादीत धरलेला नाही, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं.

सकाळी ती ड्युटीचे कपडे करून बाहेर आली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, मी पोलीस स्टेशनला जाऊन येते. पासपोर्ट चोरीला गेल्याची तक्रार द्यायचीय."

"चोरीला? ह्यो काय कपाटात हाय!"

"मी माझ्या पर्समध्ये ठेवला होता. मला न विचारता काढला. याला दुसरं काय म्हणतात? ते विचारतील कुणावर संशय आहे. खोटं कसं सांगणार मी?"

गावकीत अनंताशेठनी भल्याभल्यांना गप्प केलं होतं, पण ते सगळे मोठ्याने बोलणारे होते. ही तर औषध घेतलं का विचारल्यासारखी बोलत होती. त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पासपोर्ट टेबलावर आपटला. कादंबरी थेट व्हिसा केंद्रात गेली, स्वतःचा अर्ज भरून आली आणि परतीचा पत्ता हॉस्पिटलचा दिला.

मधले दिवस शांततेत गेले. म्हात्र्यांच्या घरात एवढी शांतता म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय, हे तिला कळायला हवं होतं.

एका दुपारी वॉर्डात चहा घेताना तिने मेल उघडला. दूतावासाकडून होता. आपल्या अर्जात आपण परिचारिका असल्याचं लिहिलं आहे. आपल्या पतीने केलेल्या बिझनेस व्हिसाच्या अर्जासोबत मात्र आपल्या सहीचं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात आपण गृहिणी असून कोणतीही नोकरी करत नाही आणि सर्वस्वी पतीवर अवलंबून आहोत असं म्हटलं आहे. यांपैकी खरं काय, याचा खुलासा करावा.

चहा तसाच राहिला. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने फोन रूपेशच्या हातात दिला. त्याने वाचलं आणि बायकोसमोर खोटं उघडं पडलेल्या नवऱ्याला जमतो तेवढा साधा चेहरा केला.

"जीवन म्हणाला फॉर्मॅलिटी आहे."

"सही कुणी केली?"

"मीच. तुझी सही काय, इंग्रजी के काढायचा आणि शेपटी ओढायची."

"माझं लायसन्स जाईल, रूपेश. खोटी कागदपत्रं दिली म्हणून माझ्यावर कायमची बंदी घालतील. कळतंय तुला?"

कळत नव्हतं. जीवनला बोलावलं. तो फरसाणाचा पुडा घेऊन आला आणि सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाला, "सोपंय. वहिनींनी लिहायचं की नर्सिंग हा माझा छंद आहे."

"छंद?"

"म्हणजे आवड. मुळात गृहिणी, पण आवड म्हणून जाते आयसीयूत. इंग्रजीत छान दिसतं ते."

अनंताशेठनी मान डोलावली. "लिवून टाक. घरातली गोष्ट घरात रायली पायजे. नवऱ्याला खोटा पाडशील का तू?"

"मी नाही पाडत, बाबा. तो पडलाय. आता मीही त्याच्याबरोबर पडावं असं तुमचं म्हणणं आहे."

ठकीबाय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती जीवनच्या पुढ्यातला चहाचा कप अर्धा भरलेला असतानाच उचलून घेऊन गेली.

कादंबरीने खुलासा हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिला. मी परिचारिका आहे, ही सोबत कागदपत्रं. ते प्रतिज्ञापत्र मी पाहिलेलं नाही, त्यावरची सही माझी नाही. एवढं लिहायला वेळ लागला नाही. पुढच्या वाक्यात 'माझे पती' आलं आणि बोटं थांबली. याच माणसाने तिच्या परीक्षेच्या दिवशी तिला बाइकवर वाशीला सोडलं होतं, बाहेर उन्हात ताटकळत बसला होता आणि ती बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला होता. वाईट नव्हता तो. त्याला फक्त कधीच, कशासाठीच, दुसऱ्या नंबरवर उभं राहावं लागलं नव्हतं. मग तिने 'माझे पती यांनीच ती सही केली आहे' असं वाक्य पूर्ण केलं आणि मेल पाठवला.

रूपेशचा अर्ज नाकारला गेला. त्याच्या फायलीत तो एका बांधकाम कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर होता. चौकशीसाठी अधिकाऱ्याने कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर तो जीवनच्या खिशात वाजला आणि जीवन मार्केटमध्ये भाजी घेत होता. "कोन? म्हात्रे? नाय नाय, राँग नंबर," असं बोलून त्याने कोथिंबिरीचा भाव विचारला. पुढे त्याने हा किस्सा 'अनुभव' म्हणून इतर गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली.

कादंबरीचा व्हिसा आला. पासपोर्ट हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर आला, तिने तो घरी दाखवलाही नाही. निघायच्या दिवशी अनंताशेठ गावाला निघून गेले. रूपेश मात्र एअरपोर्टपर्यंत आला. बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या, पट्टा घट्ट केला आणि म्हणाला, "लोकांना मी काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"ते कसं सांगणार?"

तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती आत गेली.

कॉलनीत मग बऱ्याच कथा फिरल्या. रूपेशदादाला तिथली हवा मानवत नाही, दादांनी देशासाठी परदेश नाकारला, दादा पुढच्या फ्लाइटने जाणार. देशासाठी परदेश नाकारल्याबद्दल एका मंडळाने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. त्याने तो घेतला.

डब्लिनला तीन पाळ्यांत काम, भाड्याची खोली आणि सकाळी आठलाही न उजाडणारा हिवाळा. कादंबरी तिथे रुळली. तिथल्या मुख्य नर्सने पहिल्याच आठवड्यात तिला बसवून सांगितलं, सुट्टी किती, जास्तीचं काम कसं नाकारायचं, कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची, आणि पासपोर्ट कुणी मागितला तरी द्यायचा नाही, मालकालाही नाही. कादंबरी म्हणाली, "हे मला आधीच माहीत आहे." बाईंना वाटलं, भारतात नर्सिंग कॉलेजात शिकवत असतील.

काही महिन्यांनी रूपेशचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "मी यायचं म्हणतोय. डिपेंडंट म्हणून. आधीच्या अर्जाबद्दल पत्र लिहावं लागतं ना? जीवनकडून लिहून घेतलंय. 'माझी दिशाभूल करण्यात आली.'"

"कुणी केली?"

"...जीवनने."

"सही कुणी केली होती?"

फोनवर कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"तुझ्या हाताने लिही, रूपेश. मी खोटी कागदपत्रं दिली, मी बायकोची सही केली, असं लिही. मग मला बोलव म्हणून सांग. माझ्याकडूनही पत्र लागतं, याचा खर्च मी करीन, जबाबदारी मी घेईन असं. ते लिहायचं की नाही, हे तुझं वाचल्यावर ठरवीन."

"म्हणजे नक्की नाही?"

"नाही."

पलीकडे खुडबुड झाली, फोन कुणीतरी घेतला. ठकीबाय होती. "अगो कादंबरी, ह्यो जाऊं दे बाहेर, मंग बोलते." दार लावल्याचा आवाज आला. "सासूला कनचा व्हिसा भेटतो गो?"

"आई? तुम्हाला यायचंय?"

"मंग! आमी काय नुसतं पापड लाटायचं? पासपोर्टचे फोटू काढून आलेय मी. कोनाला सांगितला नाय."

"फिरायला येता येईल, आई. थोडे दिवस. माझ्याकडे राहायचं."

"त्या जीवन्याकडं जाऊ काय?"

"अजिबात नको. फॉर्म मी भरते. तुम्ही फक्त जे विचारतील ते खरं सांगायचं."

"मला कोनी कदी काय इचारलाय काय, खोटा बोलाया?" ठकीबाय म्हणाली. मग तिने थोडं थांबून, पुन्हा एकदा, थंडी नेमकी किती असते ते विचारलं. कादंबरी पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि तिला सविस्तर सांगू लागली.