एका हाताला पेलेल असा

मित्रांनो, जुनं म्हणावं इतकं काही माझं वय नाही. पण आम्हा टॅबलेटांचं म्हातारपण लवकर येतं. तुमचे दुधाचे दात पडायच्या आत आम्हाला कवळी लागलेली असते म्हणा ना! सध्या मी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यावर पडून आहे. माझी बॅटरी फुगली आहे आणि पाठ उचलली गेली आहे. उद्या भंगारवाला येणार आहे, असं काल घरात बोलताना ऐकलं. म्हणून आजच सांगून टाकतो.

मी कुठल्या कारखान्यात बनलो ते मला नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले कुणाचे तरी हात आठवतात, आणि मग बराच काळ खोक्यातला अंधार. माझा खरा जन्म झाला तो दुकानात, एका टेबलावर. तिथे आम्ही ओळीने मांडलेले होतो आणि प्रत्येकाच्या पाठीला चोरी होऊ नये म्हणून वायर लावलेली होती. मोठ्या पडद्याचे भाऊ पुढे, मी मागे. माणसं यायची, मोठ्या भावांवर बोटं फिरवायची आणि मला उचलून म्हणायची, "हे खेळण्यातलं आहे का?"

एक दिवस ती आली. डाव्या कडेवर मुलगी होती, अंगाने चांगलीच गुटगुटीत. तिला घरात सगळे ठकी म्हणत. ठकीच्या आईने कुणाच्याही पडद्याकडे पाहिलं नाही. डावा हात ठकीच्या खाली तसाच ठेवून त्याच हाताच्या बोटांनी ती एकेक टॅबलेट धरून बघायला लागली आणि उजव्या हाताने हवेत काहीतरी लिहायला लागली.

विक्रेता धावत आला. "ताई, बाळाला खाली ठेवून निवांत बघा ना."

"हिला खाली ठेवलं तर ही तुमचं दुकान खाली आणेल."

"मग हा मोठा घ्या. डोळ्यांना त्रास नाही."

"डोळे ठणठणीत आहेत हो. मनगट गेलंय माझं."

त्याने कॅमेऱ्याचं कौतुक सांगितलं, आवाजाचं सांगितलं, कीबोर्ड असलेलं जाड कव्हर दाखवलं. तिने ते तळहातावर घेतलं आणि लगेच परत दिलं. "दादा, मला गाणी ऐकायची नाहीत. लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून आराखडा काढायचा असतो मला. पेन हवं, उन्हात पडदा दिसायला हवा आणि दिवसभर चार्जिंग टिकायला हवं, कारण नव्या घरांत वीज आलेली नसते. आणि एका हाताला पेलायला हवं. तोही हात हिने अर्धा अडवलेला."

तेवढ्यात ठकीने मला धरलं आणि माझा कोपरा तोंडात घातला. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ठकीची आई मात्र हसली आणि म्हणाली, "हा द्या. हिने पास केला."

मित्रांनो, निवडलं जाण्यासारखं सुख नाही.

आता तिचं काम सांगतो. एका दुकानात लोकांना हवी तशी स्वयंपाकघरं बनवून मिळत. ओटा, कपाटं, खण सगळं कारखान्यात कापून यायचं आणि घरी नेऊन बसवायचं. ठकी व्हायच्या आधी ती त्या दुकानात बसून आराखडे काढत असे. तिची खिडकीजवळ खुर्ची होती. बाळंतपणानंतर परत आली तेव्हा मालक म्हणाले, "खुर्ची तूर्त भरलेली आहे. घरोघरी जाऊन मापं घेता येतील का? मग बघू." तिने हो म्हटलं. ठकीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. ठकीचे बाबा सकाळी जात ते दिवेलागणीला येत. पाळणाघर परवडायला ती खुर्चीच हवी होती. म्हणजे खुर्ची मिळवायला मापं घ्यायची आणि मापं घ्यायला ठकीला बरोबर न्यायचं.

रोज सकाळी आमची वरात निघे. गळ्यात लेझरचं मोजणी-यंत्र, पाठीवर पिशवी, कडेवर ठकी आणि ठकीच्या खालून डोकावणारा मी. यंत्र या भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडे आणि यंत्रावर माप दिसे. ती ते पेनाने माझ्यावर लिही. ठकीची लाळ पडली की माझ्या रेषा आपोआप सरकत. "अगं, तू ओटा हलवलास की!" असं म्हणून ती मला पदराने पुसे. खरं सांगतो, तसं कुणी मला नंतर पुसलं नाही.

या धंद्याचा एक नियम आहे. दोन भिंतींमधलं अंतर एकदा मोजून चालत नाही. खाली जमिनीपाशी, मध्ये कमरेपाशी आणि वर डोक्यापाशी, असं तीनदा मोजायचं आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं. कारण भिंती सरळ नसतात. कपाटं बसवणारे फिटरकाका म्हणत, "भिंत म्हणजे लग्नातला नवरदेव. फोटोत ताठ, घरी गेल्यावर बघा पोट."

फिटरकाकांचा तिच्यावर फार जीव. "ताई, तुमच्या मापाचं कपाट मी डोळे मिटून सरकवतो. बाकीच्यांच्या मापाला आधी देवाचं नाव घ्यावं लागतं." मालकही खूश होते. ती घरी पोहोचायच्या आत आराखडा दुकानात पोहोचलेला असे. शेवटी एक दिवस त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यात ती खुर्ची रिकामी होतेय. आता एक मोठं स्वयंपाकघर आहे, नावाजलेलं गिऱ्हाईक आहे. ते नीट बसलं की खुर्ची तुमची."

त्या दिवशी रस्त्याने येताना ती ठकीशी इतकं बोलली, इतकं बोलली! पाळणाघरात झोका असेल, तिथल्या मावशी असतील, आई दुपारी डबा खायला तिथेच येईल. ठकी माझ्या कोपऱ्याला दात लावून ऐकत होती.

त्या घरी आम्ही गेलो ती दुपार मला पुसता येत नाही. इतर पुष्कळ गोष्टी माझ्यातून पुसल्या गेल्या, ही नाही. ठकीचा दात येत होता. वाटभर ती रडली आणि दारात पोहोचता पोहोचता आईच्या खांद्यावर झोपली. घरात एक आजी-आजोबा होते. जुना ओटा काढून टाकलेला, भिंती उघड्या. दोघं खुर्च्या टाकून दारातच बसले.

"झोपली गं बिचारी," आजी कुजबुजल्या. "किती गोड आहे! उठवू नकोस हं."

वरचं माप झालं. मधलं झालं. खालचं घ्यायला ती गुडघ्यांत वाकली आणि ठकी कण्हली. ती तशीच थांबली, हळूच उभी राहिली, पाठ थोपटली. पुन्हा वाकली. पुन्हा ठकीने डोळे किलकिले केले.

"अगंऽ उठेल ती," आजोबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

ती उठून उभी राहिली. रात्रभर तीही झोपली नव्हती. लाल डोळ्यांनी तिने माझ्यावरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं आणि मधलं माप होतं तेच खाली लिहिलं. "उद्या येऊन घेऊन जाईन," ती पुटपुटली. ते फक्त मी ऐकलं.

जिना उतरायला लागतो न लागतो तोच मालकांचा फोन. "झालं का? पाठवा बरं लगेच. कारखान्यातलं यंत्र मोकळं आहे, आजच कापायला लावतो."

ती जिन्यातच उभी राहिली. वर एकदा पाहिलं. ठकी खांद्यावर गाढ. तिने पाठवलं.

कपाटं आली त्या दिवशी फिटरकाकांनी तिला बोलावून घेतलं. आम्ही गेलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते. मोठं कपाट भिंतींमध्ये अर्धवट अडकलं होतं.

"ताई, वर बसलं. मध्ये बसलं. पायाशी अडलं."

भिंतीच्या पायथ्याला एक फुगवटा होता, बोटभर जाड. आतून पाण्याचा पाइप गेला होता, त्यावर सिमेंट थापलेलं. तो फोडता येईना. कपाट कापावं तर कडा कारखान्यातून बंद होऊन आलेल्या, कापलं की लाकूड पाणी पिणार.

फिटरकाका हळूच म्हणाले, "मालकांना सांगतो, तुम्ही माप घेतल्यावर सिमेंट थापलंय म्हणून."

"नको काका. ते आजोबा इथे कधीपासून राहतात. त्यांना खोटं पाडायचं का?"

मग मालक आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्यांनी फक्त विचारलं, "खाली मोजलं होतं?"

"नाही. ही झोपली होती."

मालकांनी ठकीकडे पाहिलं. ठकीने त्यांना जीभ दाखवली.

"मला कळतं हो," ते म्हणाले. "मलाही नातवंडं आहेत. पण भिंतीला नाही कळत. थोडे दिवस घरी राहा. हिला मोठी होऊ द्या."

ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं. फोन आला नाही. सुरुवातीला ती मला रोज चार्जिंगला लावायची, पेन तपासायची, आवाज मोठा करून ठेवायची. मग दोन दिवसांनी लावायला लागली. मग ठकी हट्ट करेल तेव्हा.

माझ्यावर कार्टून सुरू झाली. ठकी जेवताना मी समोर असे. एक घास, एक गाणं. माझा पडदा चिकट झाला, एका कोपऱ्याला तडा गेला, पेन सोफ्याच्या फटीत गेलं ते गेलंच. मी तक्रार करत नाही. लेकरू हसलं की मलाही बरं वाटायचं. पण ठकीची आई ओटा आवरताना कधीकधी हात पुसत यायची, ठकीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायची आणि मी तिला ओळखीचा वाटायचो नाही.

ठकी चालायला लागली, पळायला लागली, कडेवर घ्यायची गरज उरली नाही. तेव्हा एकदा फिटरकाका घरी आले.

"ताई, माझं खासगी काम आहे एक. दाराजवळचा कोनाडा, चपलांचं कपाट करायचंय. एवढंसं माप. चला, हात मोकळा होईल. ठकीला मी बघतो."

मला वाटलं, सुटलो! तिने मला स्वच्छ पुसलं, पेनाऐवजी बोटाने लिहिता येतं का ते पाहिलं. त्या घरी पोहोचल्यावर फिटरकाका बाहेर जिन्यात ठकीला स्क्रूची डबी दाखवत बसले. तिचे दोन्ही हात मोकळे होते. ती सरळ जमिनीवर बसली, यंत्र भिंतीला टेकवलं, ठिपका पडला, तिने माप लिहिलं.

मग पुसलं. पुन्हा मोजलं. तेच आलं. लिहिलं, पुसलं.

"झालं का?" घरातल्या बाईंनी विचारलं.

"एकच मिनिट हं."

ती आता जमिनीवर पालथी पडून कोपऱ्यात बघत होती, बोटांनी भिंत चाचपत होती. पुन्हा ठिपका, पुन्हा तेच माप. तिचं बोट माझ्यावर टेकायचं आणि उचललं जायचं. माझी बॅटरी उतरत चालली होती. मित्रांनो, मी तिला एवढंच सांगू शकलो असतो तर! बाई गं, बरोबर आहे. पण आम्हाला दिलं तेवढंच आम्ही दाखवतो.

शेवटी तिने बाहेर येऊन मला पिशवीत टाकलं. "काका, तुम्हीच घ्या टेपने."

फिटरकाका आत जाऊन बघून आले. "अहो, तेच तर येतंय! तुमचंच बरोबर आहे की."

"येतंय हो. पण मला खरं वाटत नाही."

परतीच्या वाटेवर फिटरकाकांनी एकही विनोद केला नाही. त्यानंतर त्यांनी तिला कामाला बोलावलंही नाही. बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

तर अशी माझी गोष्ट. आता रिवाजाप्रमाणे काहीतरी शिकवण द्यायला हवी. आम्हाला उन्हात ठेवू नका, उशीखाली चार्जिंगला लावू नका, लाळ पडली तर मऊ कापडाने पुसा, हे सगळं खरं आहे. पण माझ्यासाठी आता त्याचा उपयोग नाही, आणि तिच्यासाठी तर मुळीच नाही.

पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरी कुणी माप घ्यायला येईल, नळ बघायला येईल, मीटर वाचायला येईल, आणि तिच्या खांद्यावर एखादं मूल झोपलेलं असेल. तेव्हा "किती गोड" म्हणून नुसते बसून राहू नका. पुढे व्हा आणि मूल घ्या. ते जागं होईल, भोकाड पसरेल, तुमच्या खांद्यावर नाक पुसेल. पुसू द्या. तेवढ्या वेळात तिचं वाकून होतं.