शेऱ्याचा रकाना

डोळे मिटलेले होते, तरी चांगदेवला ऐकू आलं की बहिरूच्या दुधात पाणी आहे.

चोख दूध कॅनमध्ये पडताना जड आवाज येतो. हे नळ सोडल्यासारखं पडत होतं. बेल्ह्याच्या अलीकडच्या गावात दूध डेअरीचा सचिव म्हणून एकतीस वर्षं काढली की कानालाच फॅट कळायला लागतं. त्याला इलाज नाही.

पुढ्यात मोबाईल होता. त्यातली बाई मऊ हिंदीत सांगत होती की विचार येतील, त्यांना येऊ द्या, जातील, त्यांना जाऊ द्या. बहिरूचंही तेच चाललं होतं. येत होता, ओतत होता, निघत होता.

"सचिव ध्यानात हायेत," तो माप घेणाऱ्या गोकुळच्या कानाशी लागला. "मशीन लावू नको, तंद्री मोडंल. अंदाजानं लिव."

गोकुळला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं. त्याने अंदाजाने लिहिलं.

गेला महिनाभर हे असंच होतं. राग ज्या वेळी येतो त्याच वेळी ध्यानाला बसायचं, असं लेकीने, नूतनने, सांगितलं होतं. चांगदेवला राग यायचा सकाळी साडेसहाला, दूध घेताना. मग तो साडेसहाला खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसायला लागला आणि पूर्वी तासभर विखरून येणारं गाव बरोबर त्या दहा मिनिटांत यायला लागलं. गावाच्या दुधाचं फॅट चारावरून तीनवर आलं. गाव मात्र कमालीचं शांत झालं.

मुळात हे सगळं झालं ताकामुळे. दिवाळीत पाव्हणे जेवायला बसले असताना चांगदेवला ताक पातळ वाटलं. तो उठला, खिशातून दुधातलं पाणी पकडायचा लॅक्टोमीटर काढला आणि बायकोने, इंद्रायणीने, दिलेल्या ताकाच्या पेल्यात बुडवला. रीडिंग मोठ्याने वाचलं. पाव्हणे गेल्यावर तिने तो पेला घासला, पालथा घातला आणि पिशवी घेऊन मंचरला नूतनकडे गेली.

नूतन दवाखान्यात नर्स आहे. तिने वडिलांना औषधासारखंच लिहून दिलं: रोज दहा मिनिटं ध्यान, रोज वहीत मनातलं लिहायचं, पानाचा फोटो पाठवायचा. चाळीस दिवस. शेवटचा आठवडा बिनओरड्याचा गेला, तर आई येईल.

चांगदेवने सुवालालच्या दुकानातून शंभरपानी वही आणली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तारीख, पाळी, पुरवठादार, लिटर, फॅट, शेरा.

पहिल्या दिवशी रागाचे पुरवठादार पाच निघाले. बहिरू, गोकुळ, वायरमन, मांजर आणि ध्यानवाली बाई.

"अण्णा, मनातलं लिहायचं होतं," नूतन फोनवर म्हणाली.

"मनातलंच हाय. मोजून लिवलंय."

"राग लिटरमध्ये?"

"मग काय फुटात लिवू?"

तिने नाद सोडला. पण तिसऱ्या आठवड्यात एक नोंद आली आणि तो फोटो ती बराच वेळ बघत बसली. 'संध्याकाळ. पुरवठादार: कोणी नाही. लिटर: शून्य. शेरा: चहा दोघांचा टाकला.'

आज अडतिसावा दिवस होता. शेवटच्या आठवड्यातले चार दिवस शून्य गेले होते. फक्त आज, उद्या, परवा. चांगदेवने श्वासावर लक्ष ठेवलं. श्वास आत आला. बहिरूने दुसरी किटली उचलली. श्वास बाहेर गेला. दुसरी किटली पहिलीपेक्षा पातळ होती.

पुढची चार मिनिटं चांगदेव जे बोलला त्यात बहिरूची जर्सी गाय, त्याची विहीर आणि त्याचे आजोबा यांचा एकत्र उल्लेख होता. रांगेतल्या दोघांनी आपापल्या किटल्या गुपचूप घरी परत नेल्या. तो थांबला तेव्हा मोबाईलमधली बाई म्हणाली, "अब धीरे-धीरे आँखें खोलिए."

बहिरूच आधी बोलला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"सचिव, शून्यच लिवा. आमी कोन सांगतोय मंचरला? वयनी येतील तरी."

"एकतीस वर्सांत मी कुनाचं फॅट खोटं लिवलं?"

"माझं लिवलं. कमी."

"ते खरं व्हतं, बहिऱ्या."

बहिरूने यावर विचार केला. "व्हतं," तो म्हणाला.

चांगदेवने वही ओढली. पुरवठादारच्या रकान्यात 'बहिरू' लिहिलं. थोडा वेळ त्याकडे पाहिलं. दूध बहिरूचं होतं, ओरडणं त्याचं नव्हतं. त्याने नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'स्वतः'. लिटर: वीस. फॅट: साडेसहा. शेरा: पाणी नाही. फोटो काढला, पाठवला आणि मोबाईल खुर्चीवर पालथा ठेवला.

नऊ वाजता फोन वाजला. नंबर नूतनचा होता. आवाज तिचा नव्हता. हा आवाज अडतीस दिवसांनी येत होता.

"साडेसहा?"

"व्हय."

"म्हशीचं झालं की हे."

"व्हय."

"शून्य लिवलं असतं तर परवा आले असते मी. ठावं हाय न्हवं?"

"ठावं व्हतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. इंद्रायणीने ती होऊ दिली.

"परवाच्या यष्टीनं येते. सुवालालकडनं एक वही आनून ठेवा."

"माझ्या वहीत पानं हायेत अजून."

"तुमच्यासाठी न्हाई. मला."

"तुला कशाला?"

"माझंबी मोजायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "एकतीस वर्सांचं."

दुपारी डेअरी बंद असते. चांगदेव दोनशेपानी वही घेऊन टेबलाशी बसला आणि पट्टीने पहिलं पान आखलं. मग पुरवठादारच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीत, चांगल्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. तिला सारखं लिहीत बसायला नको.

शेऱ्याचा रकाना मात्र त्याने आपल्या वहीतल्यापेक्षा दुप्पट रुंद ठेवला.