मेहरुनबींची पिशवी तोलणारा काटा

मी एक जुना ताणकाटा आहे. पोटात स्प्रिंग, खाली लोखंडी हूक आणि छातीवर आकडे, असे माझे रूप. मित्रांनो, मलकापुरात वजीरभाई पिंजारी यांच्या गादीच्या दुकानात मी बावीस वर्षे कापूस तोलला. "वजीरभाईंचा काटा खोटं बोलत न्हाई," असे गिऱ्हाइके म्हणत आणि मी मनोमन फुलून जाई. पुढे दुकानात विजेवरचा काटा आला. माझी रवानगी माळ्यावर झाली.

दोन वर्षांपूर्वी वजीरभाईंनी मला शोधून काढले, घासूनपुसून स्वच्छ केले आणि आतल्या खोलीत खिडकीच्या गजाला टांगले. त्यांच्या पत्नीची, मेहरुनबींची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यांच्या पोटात एक नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचे आणि काही तासांनी, रक्तातली घाण घेऊन आलेले ते पाणी पिशवीत काढायचे. ती भरलेली पिशवी मी तोलायची.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावले होते, "पिशवीमागं पेपर धरा. अक्षरं वाचता आली तर पाणी चांगलं. ढगाळ दिसलं तर पोटात जंतू शिरले असं समजा. पिशवी घेऊन तसंच दवाखान्यात यायचं. उशीर झाला तर जिवावर बेतंल."

त्या दिवसापासून मला भीती लागली. पिशवी हुकाला अडकली की माझी स्प्रिंग थरथरे. कापूस तोलताना मला असली भीती कधी ठाऊक नव्हती.

पण त्याहून मोठी भीती मेहरुनबींच्या गप्प बसण्याची होती. पूर्वी गाद्यांना टाके घालताना त्या सारखे बोलत असत. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण टाळत. एकदा त्यांनी दुपारचे पाणी बदललेच नाही. वजीरभाई रागावले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आवं, मी आता बाई न्हाई राहिले. त्या नळीला लावल्याली पिशवीच झाले."

त्याच सुमारास डॉक्टर संयोगिता घरी येऊ लागल्या. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांपैकी जे फार उदास झालेत, त्यांना ॲक्युपंक्चरच्या बारीक सुयांनी बरे वाटते का, यावर त्यांच्या दवाखान्यात संशोधन चालले होते.

"सुया?" मेहरुनबी दचकल्या. "आधीच पोटाला भोक हाय, ताई. आनखी किती टोचणार?"

"चाची, सक्ती नाही. काही जणांना खऱ्या सुया, काही जणांना टोकच आत न शिरणाऱ्या खोट्या. तुम्हाला कुठल्या, ते बंद पाकिटात राहील, संशोधन संपल्यावर सांगेन. नको वाटलं तर मधेच थांबा. डायलिसिस मात्र चालूच ठेवायचं."

शेवटी मेहरुनबींनी संमतीच्या कागदावर सही केली. मंगळवारी आणि शुक्रवारी संयोगिताताई येत, हातापायांवर सुया लावत आणि अर्धा तास शेजारी बसत. सुरुवातीला मेहरुनबी डोळे घट्ट मिटून घेत. पाचव्या आठवड्यात त्यांनी ताईंना चहा विचारला. एवढेच.

मग तो शुक्रवार आला. वजीरभाई कापूस आणायला लोणंदला गेले होते. सकाळची पिशवी माझ्या हुकाला लागली आणि मी हादरलो. पाणी तांदळाच्या धुवणासारखे होते! मेहरुनबींनी मागे पेपर धरला. एकही अक्षर दिसले नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पिशवी काढून खाटेखाली सरकवली आणि पांघरूण ओढून पडल्या. मला ओरडता येत नव्हते.

अकरा वाजता संयोगिताताई आल्या. "चाची, आज पाणी कसं आलं?"

"चांगलं हाय."

ताईंनी सुया लावल्या. अर्धा तास झाला. सुया काढल्या, पण ताई उठल्या नाहीत. "आज तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही," एवढे म्हणून बसून राहिल्या. माझा काटा शून्यावर होता, तरी मला भीतीचे ओझे पेलवेना.

शेवटी मेहरुनबी ताईंकडे वळल्या. "ताई, खाटंखाली बघा. लय भ्या वाटतंय. मला मरायचं न्हाई."

ताईंनी पिशवी ओढून बाहेर काढली आणि फोन केला. दहा मिनिटांत रिक्षा दारात होती.

त्यानंतर सोळा दिवस खोली बंद होती. वाऱ्याने दार वाजले तरी मी घाबरे. सतराव्या दिवशी वजीरभाईंचा हात धरून मेहरुनबी आत आल्या. जंतू गेले होते, नळी वाचली होती.

संशोधन संपल्यावर ताईंनी पाकीट उघडले. "चाची, तुम्हाला खोट्या सुया होत्या."

मेहरुनबी चकित झाल्या. "म्हंजे टोचलंच न्हाई? मग मी बोलले कशी?"

"ते मलाही ठाऊक नाही. एका माणसावरून सुयांचा गुण ठरत नाही. सगळ्यांचे आकडे तपासायचे आहेत."

मित्रांनो, सुयांचे मला काही कळत नाही. मी फक्त पाणी तोलतो, आणि आजही प्रत्येक पिशवीला भितो. पण तुमच्या घरात कोणी आजारी माणूस बोलायचे थांबले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. "चांगलं हाय" असे उत्तर आले, तरी लगेच उठू नका.