सात वेळा धुतलेली वाळू

मी वाळू बोलतेय. शोभेच्या माशांच्या दुकानात पिशवीत मिळते ती, रव्यासारखी बारीक. कधीकाळी मी दगड होते. झिजता झिजता टोचणं विसरले, आणि नेमकं त्यासाठीच माझी निवड झाली.

ठमीची आई दुकानात आली तेव्हा ठमी रंगीत खड्यांपाशीच अडून बसली होती. चार वर्षांची पोर, तिला आणखी काय हवं!

"ताई, खडेच घ्या," दुकानदार म्हणाला. "साफ ठेवायला बरे."

"पण तळाशी फिरणाऱ्या माशांच्या मिशा घासतात ना खड्यांवर?" आईने सगळं वाचून ठेवलं होतं. तिने मला चिमटीत घेतलं, ठमीच्या गालावर अलगद फिरवलं. "टोचतं का गं?"

"गुदगुल्या होतात!"

ठरलं. पिशवी बांधताना दुकानदाराने बजावलं, "नुसत्या पाण्याने धुवा. दुसरं काही नको."

आईने मान डोलावली. ऐकण्यात ती कधीच कमी पडली नाही. ठमी जन्मली तेव्हा महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. हात धुतल्याशिवाय बोट लावायचं नाही, असं तिथे सांगितलं होतं. तेही आईने ऐकलं, आणि आजवर ऐकतेच आहे. या घरात चमचे उकळतात, दाराच्या कड्या पुसल्या जातात.

न्हाणीघरात तिने मला सहा वेळा धुतलं. गढूळ पाणी नितळ झालं. तिथे थांबायला हवं होतं.

"अगं, वाळू आहे ती, बाळ नाही," ठमीचा बाबा दारातून म्हणाला.

"हस तू. जंतू असले म्हणजे?"

सातव्या पाण्यात तिने जंतुनाशकाची दोन झाकणं ओतली. फक्त दोन. नंतर खळखळून धुतलंही, पण माझ्या कणाकणाच्या फटीत ते बसलं ते बसलंच.

मग मला माशांच्या काचेच्या पेटीत पसरलं, वर पाणी भरलं, आणि मिशीवाले तीन मासे आले. तोंडात मला घ्यायचे, चाळून कल्ल्यांतून सोडायचे. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. आणि मी त्यांना काय देत होते, ते मला कळत होतं. सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी ते वर येऊन धापा टाकू लागले. तिसऱ्या दुपारी तिघेही माझ्यावर आडवे पडले होते. मिशा मात्र शाबूत होत्या.

आईने पेटीचं झाकण उघडलं, वास घेतला. तिला कळलं होतं.

ठमी मागे उभी होती. हळूच म्हणाली, "आई, मी हात न धुता पाण्यात बोट घातलं होतं. त्यामुळे मेले?"

आईने झाकण पुन्हा लावलं. "नाही गं. ते... आजारीच होते."

ठमीला ते पटलं नाही. आईला खोटं धड बोलता येत नाही, हेही या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता मी गॅलरीत, एका बादलीत आहे. ठमी कधी येते, हात पाठीमागे बांधून बघते, निघून जाते. आई रोज वाकून मला हुंगते. "अजून येतोय वास," असं पुटपुटते.

बाई, वास केव्हाच उडाला. आत नळ वाहतोय, तो ऐक. ठमी पुन्हा हात धुतेय, सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे. मला हुंगणं सोड, आत जा, नळ बंद कर. आणि तिला एवढंच सांग, की मासे तिच्या बोटाने नाही, तुझ्या त्या दोन झाकणांनी मेले.